तीन संस्थांनी मिळून एक प्रकल्प करायचा आहे. प्रदर्शनासाठी नाही, शिकवणं सुधारावं म्हणून. कसा बांधावा?

विद्युत_निदेशक (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात एका खासगी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवते. प्रश्न जरा लांब आहे, पण आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा कारखान्यात असलेल्यांनी वेळ काढून वाचावा ही विनंती.

आमच्या मुलांना (बॅचमध्ये मुलीही आहेत, त्या धरूनच म्हणतेय) स्टार-डेल्टा स्टार्टरची (मोटर आधी 'स्टार' जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग 'डेल्टा' या पूर्ण जोडणीवर नेणारं पॅनेल) आकृती न बघता काढता येते. वायरिंगही सुबक करतात, फेरूल लावून, लग नीट क्रिंप करून. ऑनलाइन पेपरात मार्क मिळतात. पण त्याच पॅनेलमधली एक तार मी गुपचूप सैल केली आणि "मोटर डेल्टावर जात नाहीये, बघ" म्हटलं की हात थबकतात. नाहीतर थेट सुटे भाग बदलायला निघतात. आधी टायमर बदल, मग कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच) बदल, शेवटी सगळी वायरिंग सोडून पुन्हा पहिल्यापासून. दोष शोधणं हे वेगळं काम आहे आणि त्याची एक रीत असते, हे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. भोसरी-चाकणला कामाला लागल्यावर मात्र पहिल्या आठवड्यात हेच समोर येतं. नवीन पॅनेल बांधायला नवख्याला कुणी देत नाही, बंद पडलेलं चालू करायला सांगतात.

हे मी जवळच्या दुसऱ्या आयटीआयमधल्या फिटरच्या सरांशी बोलले. त्यांचं म्हणणं, त्यांच्याकडे अगदी हेच आहे, फक्त पॅनेलच्या जागी पंप. मुलं बाकावर जॉब छान घासतात, माप आणतात, पण चालू पंप आवाज करायला लागला की कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, त्यांच्या मुलांना टॉर्कचं, म्हणजे मोटरच्या फिरवण्याच्या जोराचं, समीकरण येतं, पण पॅनेलचं दार उघडायची भीती वाटते. तिघांचं दुखणं एकच दिसल्यावर आम्ही ठरवलं की यावर मिळून काहीतरी करू.

अडचण इथून पुढे आहे. "तीन संस्थांचा संयुक्त प्रकल्प" म्हटलं की वरिष्ठांच्या डोळ्यांसमोर हॉल, फ्लेक्स, प्रमुख पाहुणे आणि थर्माकोलवर उभं केलेलं सौरऊर्जेचं मॉडेल येतं. दोन बैठका झाल्या, दोन्हींत तारीख आणि पाहुणे एवढ्यावरच चर्चा झाली. मुलं त्यातून काय शिकणार हा विषय निघालाच नाही. मला त्याचं वाईट वाटलं.

इंग्लंडमधल्या फर्दर एज्युकेशन कॉलेजांबद्दल मी थोडं वाचलं. सोळा वर्षांपुढच्या मुलांना आणि मोठ्या माणसांना तिथे व्यवसायाचं शिक्षण मिळतं, म्हणजे आपल्या आयटीआय-पॉलिटेक्निकची जातकुळी. २०१३ साली तिथे एज्युकेशन अँड ट्रेनिंग फाउंडेशन नावाची संस्था उभी राहिली. तिच्या 'ओटला' नावाच्या कार्यक्रमात शिक्षकांनी आपल्याच वर्गातला एखादा प्रश्न घ्यायचा, दुसऱ्या कॉलेजांतल्या शिक्षकांबरोबर त्यावर काम करायचं आणि काय बदललं ते लिहायचं, अशी रीत होती. बाहेरून तज्ज्ञ येऊन दोन दिवसांचं व्याख्यान देऊन जातो, त्यापेक्षा हे मला फार पटलं. पण तिथली व्यवस्था वेगळी, आपली वेगळी.

आपल्या आयटीआयच्या २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात दर वर्षी १५० तास ऑन द जॉब ट्रेनिंगचे धरलेत, आणि जवळ उद्योग मिळत नसेल तिथे ग्रुप प्रोजेक्ट सक्तीचा आहे. म्हणजे तास कागदावर आहेत. ते सत्कारणी कसे लावायचे? तीन संस्थांच्या निदेशकांनी नेमकं काय मिळून करायचं? मुलांची गुणवाटणी कशी करायची? आणि हे पुन्हा फायलीतच संपू नये म्हणून काय सांभाळायचं? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुना_फिटर

ताई, प्रश्न वाचून बरं वाटलं. मी फिटर ट्रेडचा निदेशक होतो, पुढे गटनिदेशक म्हणून निवृत्त झालो. आता औंधला राहतो. आमच्या संस्थेत फिटर आणि इलेक्ट्रिशियन मिळून आम्ही जे काही वर्षं चालवलं ते सांगतो. संस्था एकच होती, पण दोन शॉपमधल्या (ट्रेडच्या कार्यशाळांमधल्या) भिंती दोन संस्थांइतक्याच जाड असतात.

सुरुवात पाण्याच्या पंपापासून झाली. संस्थेच्या टाकीचा पंप, मोटर वेगळी, पंप वेगळा, मध्ये दोघांना जोडणारं लव्हजॉय कपलिंग. त्यातला रबराचा स्पायडर सारखा झिजायचा आणि मोटरचं बेअरिंग तापायचं. इलेक्ट्रिशियनची मुलं मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावून सांगायची, वाइंडिंग ठीक आहे. फिटरची मुलं नवा स्पायडर बसवून यायची. दोघांचंही काम आपापल्या जागी बरोबर, पंप मात्र पुन्हा तसाच. शेवटी इलेक्ट्रिशियनच्या बाई आणि मी ठरवलं की दोन्ही बॅचमधली दोन-दोन मुलं एकत्र पंपापाशी न्यायची आणि आपण दोघांनी तिथे उभं राहायचं, पण बोलायचं नाही.

पंप बंद होता, आयसोलेटर खाली, त्याला कुलूप आणि किल्ली बाईंच्या खिशात. मुलं बराच वेळ नुसती बघत होती. मग इलेक्ट्रिशियनच्या एका मुलीने कपलिंगखाली बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली काळी पूड दाखवली. रबराची पूड. ती म्हणाली, "रबर एकाच बाजूने घासलं जातंय." हे फिटरच्या मुलांनी शंभरदा पाहिलं असेल, पण तो त्यांना कचरा वाटायचा. तिथून एकाला डायल (बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं मापयंत्र) आठवला. मॅग्नेटिक स्टँड लावून डायल बसवला, कपलिंग हाताने फिरवून पाहिलं, तर काटा चांगलाच हलत होता. मग मोटरचे फाउंडेशन बोल्ट एकेक करून ढिले केले. तीन बोल्टना काटा जागचा हलला नाही, चौथा ढिला करताच उडी मारून गेला. तो पाय बेसवर टेकतच नव्हता, बोल्टने ओढून बसवला होता. त्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घातली, मग मोटर आणि पंप एका रेषेत आणून अलाइनमेंट केलं. पंपाचा आवाज बदलला तो त्या चौघांनी स्वतःच्या कानांनी ऐकला.

पण माझ्या लेखी पंप दुरुस्त झाला ही मोठी गोष्ट नव्हती. मोठी गोष्ट ही की मी पहिल्यांदाच शेजारच्या शॉपमध्ये उभा राहून दुसऱ्याचं शिकवणं बघू लागलो. बाईंची एक पद्धत होती. मीटर हातात घेण्याआधी मुलाने चार गोष्टी मोठ्याने बोलायच्या आणि वहीत चार रकान्यांत लिहायच्या: काय दिसतंय, कशाचा संशय आहे, काय तपासणार, आणि अमुक आलं तर काय समजणार. चौथा रकाना भरल्याशिवाय पॅनेलला हात लावायचा नाही. मूल अडलं तर बाई उत्तर द्यायच्या नाहीत, "चौथा रकाना काय म्हणतो?" एवढंच विचारायच्या.

तुमच्या स्टार-डेल्टालाच हे लावून बघा. मोटर स्टारवर सुरू होते, टायमरची वेळ झाल्यावर स्टारचा कॉन्टॅक्टर सुटतो, पण डेल्टाचा ओढला जात नाही. पॉवर सर्किटचा एमसीबी खाली, मोटर सोडवलेली, फक्त कंट्रोल चालू. आता मूल म्हणालं पाहिजे: "टायमरच्या आउटपुटला व्होल्टेज बघतो. नसेल तर दोष टायमरमध्ये किंवा त्याच्या आधी. असेल तर पुढे." मग स्टार कॉन्टॅक्टरच्या एनसी इंटरलॉकच्या (स्टार सुटल्यावरच डेल्टाकडे वीज जाऊ देणारा संपर्क) २१ नंबरला बघायचं, मग २२ ला. २१ ला आहे आणि २२ ला नाही, म्हणजे इंटरलॉकचा संपर्क होत नाहीये. २२ ला आहे, डेल्टाच्या कॉइलच्या ए१ टोकालाही आहे, तर दुसऱ्या, ए२ टोकाकडची न्यूट्रल बघायची, आणि तीही ठीक असेल तर कॉइल गेली. एवढंच. पण हे मुलाच्या तोंडून यायला हवं, आपल्या नाही. जमलं तर शिकवायच्या पॅनेलला कंट्रोल २४ व्होल्टचं ठेवा, म्हणजे चालू सर्किटवर तपासायला देताना तुमच्या जिवाला घोर राहणार नाही.

ती चार रकान्यांची वही मी फिटर शॉपमध्ये आणली. बाईंनी माझ्याकडून डायल आणि फीलर गेज नेले. माझ्या मते तुमच्या प्रकल्पाचा गाभा हाच असायला हवा. वस्तू कुठलीही घ्या, पंप घ्या, कन्व्हेअर घ्या. निदेशकांनी एकमेकांच्या शॉपमध्ये जाऊन उभं राहायला पाहिजे आणि नजर मुलांच्या हातांवर ठेवायला पाहिजे, शिकवणाऱ्यावर नाही. एकाने शिकवायचं, बाकीच्यांनी प्रत्येकी दोन मुलं वाटून घ्यायची आणि ती कुठे थांबली, काय उचललं, कुणाकडे बघितलं ते लिहायचं. शिकवणाऱ्याचे दोष काढायला गेलात तर दुसऱ्या वेळी कुणी दार उघडणार नाही.

आणखी एक. काम खरं हवं. आपल्या जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला. तिथे मुलं गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा करून देता देता शिकतात. एकदा तिघांनी जाऊन पाहून या. गिऱ्हाईक खरं असलं की काम नीट करा म्हणून वेगळं सांगावं लागत नाही.

तासिका_तत्त्वावर

मी कुणाला निरुत्साही करायला लिहीत नाही, पण हा मुद्दा कुणीतरी मांडायलाच हवा. मी एका संस्थेत तासिका तत्त्वावर आहे. ज्या तासाला वर्ग घेतला त्याच तासाचे पैसे. दुसऱ्याच्या शॉपमध्ये जाऊन उभं राहायचं म्हणजे माझा तेवढा वेळ बिनपगारी. शिवाय येण्याजाण्याचं पेट्रोल. मागे आमच्याकडे असाच एक संयुक्त उपक्रम झाला. कायम नोकरीतले सर बैठकीला, आणि सामान आणणं, मुलांना नेणं-आणणं, अहवाल टाइप करणं आम्हा तासिकावाल्यांकडे. अहवालावर आमची नावं नव्हती.

ताई, तुमच्या तीन संस्थांत आमच्यासारखे असतीलच. त्यांना यात घ्यायचं तर त्या तासांचे पैसे मिळतील हे आधी लेखी घ्या. आणि अहवालावर ज्याने काम केलं त्याचं नाव हवं. मी स्वतः अशा कामात यायला तयार आहे, मनापासून तयार आहे. मुलांची ही अवस्था मलाही रोज दिसते.

विद्युत_निदेशक

सर, हे तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. आमच्याकडे वेल्डरचे सर तासिकेवरच आहेत आणि पंपाच्या बेससाठी त्यांची गरज पडणार आहे. १५० तास अभ्यासक्रमातलेच आहेत, मग त्यातलं निरीक्षणही वर्ग घेतल्यासारखंच धरलं पाहिजे, असं मी प्राचार्यांना लेखी देते. ते मान्य होईपर्यंत तासिकेवरच्या कुणालाही बोलावणार नाही. नावाचं तर बोलायलाच नको, ती असणारच.

जुना_फिटर सर, चौथ्या रकान्याचं वाचून मी काल लगेच दोन मुलांवर करून बघितलं. पहिले तीन रकाने त्यांनी पटापट भरले. चौथ्याला गाडी अडली. "व्होल्टेज आलं तर ठीक, नाही आलं तर खराब" असं एकाने लिहिलं. काय खराब, ते लिहिताच येईना. म्हणजे मुलांना मीटर धरता येतो, पण मीटरचं उत्तर वाचता येत नाही. नेमकं कुठे अडतंय ते मला पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं.

डिप्लोमा_मॅडम

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवते (प्रश्नातल्या मॅडम मी नाही, दुसऱ्या कॉलेजातली आहे). गुणांबद्दल विचारलंत म्हणून लिहिते.

तंत्रशिक्षण मंडळाच्या आय स्कीम या डिप्लोमा अभ्यासक्रमात, म्हणजे २०१७-१८ पासून, प्रत्येक विषयाला मायक्रो-प्रोजेक्ट आला. कल्पना चांगली होती. पण एका मुलाला एका सत्रात पाच-सहा विषय, प्रत्येकाचा मायक्रो-प्रोजेक्ट, प्रत्येकाचा अहवाल. मुलं मागच्या वर्षीच्यांचे अहवाल घेऊन नाव बदलून छापू लागली. शेवटच्या वर्षाला तयार प्रोजेक्ट विकत मिळतात हेही सगळ्यांना माहीत आहे. मुलांना दोष देणं सोपं आहे. पण आपण गुण कशाला देतो? स्पायरल बाइंडिंग केलेल्या अहवालाला. मग मुलं अहवालच आणून देतात.

आमच्या विभागात आम्ही अहवालाचे गुण अगदी कमी केले आणि दोन गोष्टींना वजन दिलं. एक, कामाची वही. ती शॉपमध्येच राहते, घरी न्यायची नाही, त्यामुळे एका रात्रीत लिहून काढता येत नाही. दुसरी, तोंडी परीक्षा, आणि तीही गटातल्या कुणालाही कुठल्याही भागावर. पॅनेल ज्याने बांधलं नाही त्यालाच पॅनेलवर विचारायचं. याने गटातल्या हुशार मुलावर जबाबदारी येते की बाकीच्यांना समजावून सांगायचं. पहिल्या सत्रात मुलं नाराज होती, पुढे त्यांनाच ते न्याय्य वाटू लागलं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आयटीआय आणि डिप्लोमाची मुलं एकत्र आणाल तेव्हा पहिल्याच दिवशी डिप्लोमावाले कागद-पेन घेऊन खुर्चीत आणि आयटीआयवाले पाने-पकड घेऊन जमिनीवर, अशी वाटणी आपोआप होते. ती होऊ देऊ नका. ती झाली तर एकत्र येऊन उलट नुकसान होईल, कारण कारखान्यातली उतरंड मुलं इथेच शिकतील. आमच्याकडे दोन वर्षांची आयटीआय करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं असतात. बीजगणितात ती अडखळतात, पण प्रयोगशाळेत सगळा वर्ग त्यांच्याभोवती गोळा होतो. त्यांना मी मुद्दाम मधलं माणूस करते.

स्टार-डेल्टा यासाठी उत्तम विषय आहे. मोटर थेट लाइनवर सुरू केली की पूर्ण भाराच्या सहा-सात पट करंट घेते, स्टारमध्ये लाइनचा करंट एक तृतीयांश आणि टॉर्कही एक तृतीयांश, हे माझ्या मुलांना तोंडपाठ असतं. पण टॉर्क एक तृतीयांश म्हणजे काय, हे भार असलेला पंप स्टारवरच अडकून राहिला आणि रखडू लागला की कळतं. तुमच्या मुलांनी करंट मोजून दाखवावा, माझ्यासारख्यांच्या मुलांनी तो तसा का आला ते गणिताने सांगावं, आणि मग जागा बदलाव्यात. मात्र साध्या क्लॅम्प मीटरवर सुरुवातीचा झटका पकडता येत नाही, इनरशची सोय असलेला मीटर लागतो. तीन संस्थांत मिळून एक तरी निघेल. नसेल तर विकत घेताना आधी तोच घ्या, फ्लेक्सच्या पैशात येतो.

भोसरी_शेड

माझं भोसरी एमआयडीसीत छोटं युनिट आहे, जॉबवर्क करतो. सीएनसी दोन, बाकी जुनी मशीन. आयटीआयची पोरं कायम घेतो.

ताई तुम्ही म्हणता ते शंभर टक्के. पोरगं येतं, हात चांगला असतो. मशीन बंद पडलं की पाच मिनिटांत काहीतरी काढून दुसरं काहीतरी लावतं. कधी चालू होतं, कधी नाही. पण काय केलंस विचारलं तर सांगता येत नाही. महिन्याने तेच मशीन तसंच बंद पडतं, तोवर पोरगं दुसरीकडे गेलेलं असतं, आणि आम्ही परत शून्यावर. मला पोराने काय केलं ते चार ओळींत लिहून ठेवलं तरी त्याला जास्त पगार द्यायला मी तयार आहे. ती चार रकान्यांची वही मला आमच्याकडेच सुरू करावीशी वाटतेय.

मदत काय करू शकतो ते सांगतो. बिघडलेलं सामान आमच्याकडे ढिगाने असतं. जळालेले कॉन्टॅक्टर, चिकटलेले रिले, घासलेली कपलिंगं. आम्ही ते भंगारात देतो. तुम्ही घेऊन जा. दुकानातल्या नव्या कोऱ्या मालावर दोष कसा शिकवणार? तापून काळा पडलेला टर्मिनल, वास मारणारी कॉइल, हे हातात यायला पाहिजे.

आणि वीस मुलं एकदम आणू नका. माझ्या शेडमध्ये वीस पोरं उभी राहिली तर ऑपरेटरला हात हलवायला जागा नाही, आणि मागच्या पोरांना काही दिसत नाही. चार आणा. गुरुवारी आणा. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी, मशीन बंद, मेंटेनन्सची कामं तेव्हाच निघतात. बाकीच्या दिवशी प्रॉडक्शन असतं, मला इच्छा असली तरी वेळ देता येत नाही. इथल्या बहुतेक छोट्या शेडवाल्यांचं हेच उत्तर असेल, पण त्यांना कुणी विचारत नाही. पत्र येतं ते मोठ्या कंपन्यांना.

शिरूर_गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, विषय माझा नाही, पण एक सांगावंसं वाटलं. आमच्याकडे केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) सगळ्या शाळांचे शिक्षक ठरावीक काळाने एकत्र येतात. पूर्वी केंद्रसंमेलन म्हणायचे, आता शिक्षण परिषद. त्यात कधी नुसतं परिपत्रक वाचन होतं आणि कधी खरंच काम होतं. मी पाहिलेला फरक एवढाच: जिथे यजमान शाळेतल्या शिक्षकाने मुलं समोर घेऊन पाठ घेतला आणि नंतर त्या पाठावरच बोलणं झालं, तिथून लोक काहीतरी घेऊन गेले. जिथे मुलं नव्हती तिथे चहा घेऊन परत. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, तेही वर्ग चालू असताना मुलं कशी शिकतात ते डोळ्यांनी बघायला मिळायचं म्हणून.

तुमच्या तिन्ही निदेशकांच्या बैठका मुलं नसताना ऑफिसात घेऊ नका. शॉपमध्ये, काम चालू असताना घ्या.

माजी_प्रशिक्षणार्थी

मी इलेक्ट्रिशियन ट्रेड करून आता रांजणगावला मेंटेनन्सला आहे. सर-मॅडम लोकांत बोलतेय, चुकलं तर सांगा.

आयटीआयत असताना मला प्रश्न विचारायची भीती वाटायची, कारण प्रश्न विचारला की "एवढं पण येत नाही का" असं होतं. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात एका सीनिअर दादांनी मला सांगितलं, पॅनेल उघडल्यावर आधी हात मागे बांधून फक्त बघ, वास घे, ऐक, मग जवळ जा. मी अजून तसंच करते. निम्मे दोष तसेच सापडतात, सुटलेली तार, काळा पडलेला लग, गुणगुणणारा कॉन्टॅक्टर.

प्रोजेक्टमध्ये आमच्यासारख्या कामाला लागलेल्यांना एक दिवस बोलवा ना. भाषण नको. आम्ही एखादा दोष घालून ठेवतो, मुलांनी शोधायचा. मुलींच्या बॅचला मी नक्की येईन. शेवटी मेंटेनन्सला मुलगी घेतात का, हा प्रश्न त्यांच्या घरचे विचारणारच आहेत, त्याचं उत्तर त्यांना समोर दिसू दे.

जुना_फिटर

या मुलीला आधी बोलवा. बाकी सगळं नंतर ठरवा.

विद्युत_निदेशक

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. आम्ही तिघं काल फिटरच्या सरांच्या शॉपमध्ये भेटलो, मुलं कामावर असताना. ठरलं ते असं.

वस्तू एकच, मोटर-पंप संच, स्टार-डेल्टा पॅनेलसह. संच आमच्याकडच्या जुन्या बागेच्या पंपाचा, तो दुरुस्त झाला तर तिथेच परत बसणार, म्हणजे गिऱ्हाईक खरं आहे. गट मिसळलेले, प्रत्येकात तिन्ही संस्थांची मुलं, आणि कामं दर आठवड्याला फिरती. वही शॉपमध्येच राहणार. गुण वहीला आणि तोंडी परीक्षेला, अहवाल फक्त दोन पानांचा. शिकवताना एकजण पुढे, बाकी दोघं मुलांचे हात बघणार. सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक मुलाला एकट्याने एक दोष शोधायला द्यायचा, दोन्ही वेळच्या वह्या शेजारी ठेवून बघायच्या. बदल झाला की नाही ते त्यातूनच कळेल, निदान आम्हाला तरी.

प्राचार्यांशी आज बोलले. हॉल आणि पाहुणे यांचा आग्रह पूर्ण सुटलेला नाही. शेवटच्या दिवशी पालकांना शॉपमध्ये बोलवायचं आणि मुलांनी त्यांच्यासमोर प्रत्यक्ष दोष शोधून दाखवायचा, एवढ्यावर ते राजी झाले. मला तर हॉलपेक्षा हेच आवडलं. तासिकेवरच्या सरांचे तास धरण्याबद्दल पत्र दिलंय, त्यावर सही व्हायची आहे. ती झाल्याशिवाय वेल्डिंगचं काम सुरू करणार नाही.

भोसरी_शेड दादा, येत्या गुरुवारी आम्ही तिघं आधी मुलांशिवाय येतो, जागा बघायला आणि सामान निवडायला. निरोपात वेळ कळवा. माजी_प्रशिक्षणार्थी, तुझी साप्ताहिक सुट्टी कधी असते तेवढं सांग, मुलींची बॅच त्या दिवशी लावते. आणि कुणाकडे २४ व्होल्ट कॉइलचे जुने कॉन्टॅक्टर पडून असतील तर सांगा. आम्हाला प्रत्येक पॅनेलला तीन लागतात आणि पॅनेल दोन बांधायचे आहेत. तापकीर गल्लीत चौकशी केली, नवे मिळतात, पण जुने मिळाले तर ते पैसे इनरश मीटरला वापरता येतील.